लेयर मर्ज केले की गुलाल उतरतोय! जोतिबाचा बोर्ड अडकलाय

सासनकाठीवाला
चांगभलं मंडळी!

आमच्या तालमीच्या चैत्र यात्रेचा स्वागत बोर्ड यंदा माझ्या गळ्यात पडलाय. दहा बाय आठ फुटी फ्लेक्स, ७२ रिझोल्यूशनला ८६४० बाय ६९१२ पिक्सेल. तळाला कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरीच्या, म्हणजे जोतिबाच्या डोंगरावर गेल्या वर्षी मीच काढलेला सासनकाठीचा फोटो. त्यावर गुलालाचा धुरळा, त्यावर कार्यकर्त्यांचे अकरा चेहरे, आणि त्या चेहऱ्यांच्या गालावर पुन्हा गुलाल.

फोटोशॉपमध्ये लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले थर, झाले चाळीसच्या वर. माझ्याकडं ८ जीबी रॅम. माऊस हलवला की पंखा गिरणीसारखा ओरडतो. म्हणून गुलालाचे लेयर एकत्र करायला गेलो, कंट्रोल-ई दाबलं, आणि धुरळ्याचा रंगच गेला. मगाशी हवेत उडणारा गुलाल आता कागद कापून चिकटवल्यासारखा दिसतोय, वर कडेनं काळपट डाग. अनडू केलं की परत झ्याक.

दुसरं दुखणं वेगळंच. मर्ज न करता नमुना म्हणून दोन फुटाचा तुकडा छापून आणला, तर गुलाल बिटाच्या कोशिंबिरीसारखा आला. छापणारा म्हणतो फाईलच तशी आहे. माझ्या स्क्रीनवर तर तशी नाही!

बोर्ड आठ दिवसांत लागायचाय. काय करू?

खटक्यावर_बोट
सॅच्युरेशन वाढव की भावा. +३० मार, विषय संपला.

सासनकाठीवाला
मारलं. गुलाल होता तिथंच राहिला आणि आमचे अध्यक्ष टोमॅटो झाले.

मिरजकर_तिकटी
थांबा जरा, आधी माहिती द्या. गुलालाचे लेयर कुठल्या ब्लेंड मोडला आहेत, म्हणजे खालच्या लेयरमध्ये कसे मिसळतात? ग्रुप केलाय का? केला असेल तर ग्रुपच्या मोडच्या खान्यात काय लिहिलंय, ‘पास थ्रू’ की ‘नॉर्मल’? आणि मर्ज करताना खालचा सासनकाठीचा फोटो निवडला होता, की फक्त गुलाल?

सासनकाठीवाला
दोन ग्रुप आहेत दादा.

‘धुरळा’ चेहऱ्यांच्या खाली. त्यात काळ्या पडद्यासमोर गुलाल उधळून काढलेले दोन फोटो स्क्रीन मोडला, एक गुलाबी झाक सॉफ्ट लाइटला, आणि सगळ्यात वर उजेड-अंधार बदलणारा एक कर्व्ह्ज लेयर.

‘गालावरचा’ चेहऱ्यांच्या वर. ब्रशनं मारलेले तीन लेयर, तिन्ही मल्टिप्लायला.

ग्रुपला पास थ्रू लिहिलंय, मी कधी हात लावलेला नाही. मर्ज फक्त ग्रुप केला, खालचा फोटो नाही.

जुना_रोल
मला फोटोशॉपमधलं फार कळत नाही, पण हे दुखणं ओळखीचं वाटलं म्हणून लिहितो.

आमच्या वडिलांचा स्टुडिओ होता, काळ्या-पांढऱ्या फोटोंच्या काळातला. लग्नाचा फोटो रंगवून द्यायची पद्धत होती. मॅट कागदावरच्या प्रिंटवर पारदर्शक रंग काडीला कापूस गुंडाळून लावायचे. गालाला लाली, शालूला हिरवा, काठाला पिवळा. गंमत अशी की त्या रंगात नाक-डोळे काहीच नसायचे. शालूच्या चुण्या खालच्या काळ्या-पांढऱ्या फोटोत असायच्या, वरचा रंग नुसता काचेसारखा. एकदा मी पोरपणात तोच हिरवा वेगळ्या कोऱ्या कागदावर फासून बघितला. शालू नाही, काही नाही, नुसता हिरवा डाग. वडील म्हणाले, चुण्या काय रंगात असतात होय?

तुमचा गुलाल कोऱ्या कागदावर फासला गेलाय असं मला वाटतं.

मिरजकर_तिकटी
काकांनी एका दमात सांगितलं, मला आता आकडे तेवढे टाकायचे आहेत.

मल्टिप्लाय म्हणजे गुणाकार. वरच्या लेयरचा आकडा गुणिले खालचा, भागिले २५५. समजा गालावरचा गुलाल २३०, ४०, १२० आहे (लाल, हिरवा, निळा, प्रत्येकी ० ते २५५) आणि खाली मध्यम करडी सावली १२८. तर दिसणार ११५, २०, ६०, म्हणजे सावलीतला गुलाल. उजेडात पांढरा २५५ असेल तर २३०, ४०, १२० जसाच्या तसा. म्हणून गालाचा गोलवा दिसत राहतो. आता खालचा चेहरा न घेता मर्ज केलं तर गुणायला समोर कोण? कोणीच नाही. लेयर नॉर्मल होऊन बसतो आणि सगळीकडं २३०, ४०, १२० चा सपाट पोतेरा.

स्क्रीनचं याच्या उलट. तिथं काळा म्हणजे शून्य, काळ्याचा परिणाम होत नाही. तुम्ही काळ्या पडद्यासमोर गुलाल काढलात ते बरोबरच केलंत, स्क्रीनमध्ये पडदा गायब होतो. पण मर्ज केल्यावर मोड नॉर्मल झाला की पडदा परत आला. तेच तुमचे काळपट डाग.

आता पास थ्रू. ग्रुप पास थ्रू असताना आतले लेयर ग्रुपची भिंत ओलांडून खालच्या फोटोशी थेट बोलतात. तुमचं कर्व्ह्जसुद्धा आत बसून सासनकाठीच्या फोटोवर काम करतंय. ग्रुप मर्ज केला की भिंत पक्की. कर्व्ह्ज फक्त आतल्या गुलालापुरतं उरतं.

खात्री करायची असेल तर मर्ज न करता नुसता ग्रुपचा मोड पास थ्रूवरून नॉर्मल करा. मर्ज केल्यावर जी वाट लागते ती आधीच दिसेल.

सासनकाठीवाला
केलं. डिट्टो तीच वाट लागली! काळे डागसुद्धा तेच.

म्हणजे सॉफ्टवेअर बिघडलं नव्हतं, मीच बिघडलो होतो. दोन वेळा अनइन्स्टॉल करून बसलोय. आता फाईल हलकी कशी करू ते सांगा.

मिरजकर_तिकटी
आधी मूळ फाईल वेगळ्या नावानं ठेवा. फोटोशॉपच्या नेहमीच्या पीएसडी फाईलला २ जीबीची हद्द आहे, तुमची तिथं धडकेल. या मापाचा एक पूर्ण भरलेला लेयर ८ बिटला जवळपास १८० एमबी होतो, हिशोब करून बघा. मोठ्या फाईलला पीएसबी.

मग कॉपीमध्ये:

‘धुरळा’ एकटा मर्ज करायचाच नाही. तो आणि खालचा सासनकाठीचा फोटो असे दोन्ही मिळून मर्ज करा. ज्याच्याशी बोलायचं तो सोबत असला की रंग हलत नाही. किंवा चेहरे आणि ‘गालावरचा’ यांचे डोळे बंद करून सगळ्यात वरचा दिसणारा लेयर निवडा आणि कंट्रोल-शिफ्ट-ऑल्ट-ई. दिसतंय त्याचा ठसा नव्या लेयरवर उमटतो, जुने लेयर तसेच राहतात. मी मर्जपेक्षा यालाच हात घालतो. ठसा नीट आहे हे बघायचं आणि मग खालचे उडवायचे.

‘गालावरचा’ चेहऱ्यांच्या वर आहे आणि चेहरे सुटे ठेवायचे असणार. त्याला एक युक्ती आहे. तिन्ही मल्टिप्लाय लेयरच्या खाली, ग्रुपच्या आतच, पूर्ण पांढरा भरलेला लेयर टाका. त्या चौघांना मर्ज करा आणि तयार झालेल्या लेयरला पुन्हा मल्टिप्लाय द्या. पांढऱ्यानं गुणलं की आकडा तोच राहतो, त्यामुळं रंग जसाच्या तसा. स्क्रीनचे लेयर असतील तर पांढऱ्याऐवजी काळा टाकून हेच करायचं.

सॉफ्ट लाइट आणि ओव्हरलेला असा सोपा मार्ग नाही. करड्या रंगावर मर्ज करा असं सांगणारे भेटतील, जवळपास जमतं पण तंतोतंत येत नाही. ते खालच्या फोटोसोबतच मुरवायचे.

गारगोटीचा_गिम्प
गिम्प, म्हणजे फोटोशॉपसारखं फुकटचं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्यांसाठी भर. पास थ्रू ग्रुप त्याच्या २.१० आवृत्तीत आला, २०१८ साली. तिथं ठसा उमटवायला ‘न्यू फ्रॉम व्हिजिबल’ आहे. आणि मोडच्या यादीशेजारी एक बारीक खूण असते, तिच्यावर डिफॉल्ट आणि लेगसी असे दोन गट बदलता येतात. मल्टिप्लाय दोन्हीकडं आहे पण एक रेषीय उजेडात गुणतो, दुसरा जुन्या पद्धतीनं. एका फाईलमध्ये दोन्हींची भेसळ झाली की मर्ज न करताही रंग ‘का बरं वेगळा’ वाटतो. मी यावर अख्खा रविवार घालवलाय.

२०२५ च्या मार्चमध्ये आलेल्या ३.० मध्ये फिल्टर लेयरला चिकटून राहतात, लगेच पिक्सेलमध्ये मुरत नाहीत. निम्मं मर्ज करायची वेळच येत नाही.

खटक्यावर_बोट
एवढं कशाला? शेवटी छापायला सपाटच जाणार ना? फ्लॅटन मारा आणि मोकळे व्हा. खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी.

सासनकाठीवाला
भावा, तू तालमीचा बोर्ड कधी केला नाहीस. काल रात्री साडेअकराला फोन आलाय, उपाध्यक्ष बदलले. फ्लॅटन केलं असतं तर जुन्या उपाध्यक्षांच्या गालावरचा गुलाल पुसत बसलो असतो.

लक्ष्मीपुरी_डीटीपी
हे मात्र खरं. आमच्याकडं निवडणुकीच्या दिवसांत एकाच फाईलमधला एक चेहरा तीनदा आत-बाहेर झालाय. जो फ्लॅटन करून आला त्याला परत पहिल्यापासून बसवलं.

लेयर आले फोटोशॉपच्या तिसऱ्या आवृत्तीत, १९९४ साली. त्याआधी चिकटवलं ते चिकटलं. तो काळ कुणाला परत हवा असेल तर खुशाल फ्लॅटन करा.

मी प्रीप्रेसला, म्हणजे छपाईआधीच्या तयारीला असते, म्हणून तुमच्या बिटाच्या कोशिंबिरीबद्दल विचारते. कॅमेऱ्यात रंगाची सेटिंग काय आहे, एसआरजीबी की अडोबी आरजीबी? आणि नमुना पाठवताना जेपेग कसं काढलं? प्रोफाइल, म्हणजे रंगाचे आकडे कसे वाचायचे ते सांगणारी पाटी, जोडायची खूण होती का?

सासनकाठीवाला
ताई, कॅमेऱ्याला अडोबी आरजीबी आहे. कोणीतरी सांगितलं होतं त्यात रंग जास्त असतात. प्रोफाइलची खूण बघितली, नाहीये. आणि जेपेग व्हॉट्सअॅपवर पाठवलं होतं.

लक्ष्मीपुरी_डीटीपी
झालं. तीन खड्डे, तिन्हींत पाय.

पहिला. अडोबी आरजीबीत रंगांची व्याप्ती मोठी, म्हणून तोच आकडा तिथं जास्त गडद रंग दाखवतो. फाईलला प्रोफाइल जोडलं नाही तर पुढच्या यंत्राला ते कळत नाही, ते बहुधा एसआरजीबी समजून वाचतं. आकडे तेच, अर्थ बदलला, रंग मळकट. हे फाईल बाहेर पाठवायच्या आधी ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’नं एसआरजीबी करून सुटतं. ‘असाइन’ नव्हे. असाइननं आकडे तसेच राहून नुसती पाटी बदलते, म्हणजे रंग पुन्हा हलतो. कन्व्हर्टनं आकडे बदलून रंग जागेवर राहतो. ह्या दोन शब्दांत आमच्याकडं आलेली निम्मी पोरं घोटाळतात.

दुसरा. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलं की फोटो लहान होतो आणि दाबला जातो. गुलाबी-लाल कडांवर हे सगळ्यात आधी दिसतं, कारण जेपेग दाबताना रंगाचा तपशील उजेडाच्या तपशिलापेक्षा कमी जपला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर सरळ पेनड्राइव्ह घेऊन जा.

तिसरा खड्डा तुमचा नाही, शाईचा आहे. स्क्रीनवर रंग उजेडाचा असतो, फ्लेक्सवर चार शायांचा. उन्हातला चकचकीत गुलाबी चार शायांत पूर्ण बसतच नाही. कंट्रोल-वाय दाबून छपाईचा अंदाज बघा आणि कंट्रोल-शिफ्ट-वाय दाबा, जिथं करडे ठिपके येतील तो भाग छपाईच्या आवाक्याबाहेर. अंदाज अर्थात तिथं निवडलेल्या प्रोफाइलपुरताच खरा. त्या फ्लेक्सवाल्याच्या यंत्राचं प्रोफाइल मिळालं तर सोनं.

आणि तुमचं ‘+३० मार’वालं औषध इथंच उलटतं. जो रंग आधीच आवाक्याबाहेर आहे तो आणखी बाहेर ढकलला तर छापताना भिंतीवर आपटून सगळा एकसारखा होतो. गुलालाचे कण, छटा, सगळं जाऊन एक लपका.

मिरजकर_तिकटी
ताई, सीएमवायके मध्ये, म्हणजे चार शायांच्या आकड्यांत, आपण स्वतः बदलून द्यावं की नाही? माझा नेहमीचा वाद आहे.

लक्ष्मीपुरी_डीटीपी
ऑफसेटला हो, फ्लेक्सला विचारून. फ्लेक्सच्या यंत्रापुढं रिप, म्हणजे फाईल छपाईसाठी तयार करणारं सॉफ्टवेअर असतं, ते स्वतः बदल करतं. दोनदा बदल झाला की दोनदा नुकसान. आमच्या भागातले बरेच जण सवयीनं सीएमवायके मागतात, मग द्यावं लागतं.

पण द्यायचं असेल तर लेयर उघडे ठेवून मोड बदलू नका, हा याच धाग्याचा विषय आहे. फोटोशॉप विचारतं, मर्ज करू का? लोक घाबरून ‘नको’ म्हणतात आणि तिथंच फसतात. मल्टिप्लाय आणि स्क्रीनचा हिशोब आरजीबीच्या आकड्यांवर वेगळा आणि शाईच्या टक्क्यांवर वेगळा येतो. लेयर सुटे राहिले की नव्या आकड्यांवर नवं गुणाकार होतं, आणि कर्व्ह्जसारखे काही अॅडजस्टमेंट लेयर तर वाटेतच गळतात. आधी मूळ फाईल जपा, कॉपी सपाट करा, मग कॉपीचा मोड बदला. सपाट करायची हीच एक वेळ मला मान्य आहे.

गंगावेस_रॉ
सगळे फाईलवर बोलतायत, पण मूळ फोटोचं काय? गुलालाचा फोटो काढताना लाल चॅनेल सगळ्यात आधी फुटतो. एकत्रित हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, व्यवस्थित दिसतो आणि लाल मात्र २५५ ला जाऊन थापलेला असतो. मग गुलालाच्या पोतात कण राहत नाहीत, आणि कण नसलेल्या रंगाला कुठलाही ब्लेंड मोड वाचवू शकत नाही. चॅनेल वेगवेगळे करून बघा.

डोंगरावर उन्हात मी एक्स्पोजर मुद्दाम एक पायरी खाली ठेवतो आणि रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची मूळ फाईल काढतो. घरी आल्यावर उचलता येतं. आणि कॅमेऱ्याला प्लास्टिक बांधा राव, मागच्या यात्रेतला गुलाल माझ्या झूमच्या रिंगमधून अजून निघतोय.

सासनकाठीवाला
लाल बघितला. धुरळ्याच्या एका फोटोत पूर्ण थापलाय. दुसऱ्यात ठीक आहे. थापलेला काढून टाकतो, दुसराच उलटा फिरवून वापरतो. आणि दादांनी सांगितलेला पांढऱ्याचा प्रयोग जमला! वरचा लेयर लपवून-दाखवून बघितला, एका पिक्सेलचाही फरक दिसेना.

एक शंका मात्र आहे. धुरळा आणि फोटो एकत्र मर्ज केल्यावर सगळं ठीक, पण बाहेरून बघताना गुलाल किंचित फिका झाला. जवळ जाऊन बघितलं तर तोच. भास होतोय का?

मिरजकर_तिकटी
भास नाही. बोर्ड मोठा आहे म्हणून तुम्ही १२ किंवा १६ टक्क्यांवर बघत असणार. तेवढ्या लहान दृश्यात फोटोशॉप प्रत्येक लेयरची आधीच लहान केलेली प्रत घेऊन मिसळतं, मर्ज झाल्यावर मात्र आधी मिसळून मग लहान केलेलं दाखवतं. कणाकणांच्या चित्रात, म्हणजे गुलाल, धूर, वाळू, फरक दिसतो. खरं-खोटं १०० टक्क्यांवरच करायचं. मर्जच्या आधी आणि नंतर एकाच जागी १०० टक्क्यांवर, बास.

जुना_रोल
बाबूराव पेंटरांनी ज्या कोल्हापूर गावात स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवला त्या गावात पोरं गुलालाच्या एका छटेसाठी आठवडा भांडतायत, बरं वाटलं. एक सुचवतो. वडील रंगवायला बसायच्या आधी वाया गेलेल्या प्रिंटच्या कडेला तीन पट्ट्या मारून वाळवायचे. ओल्या रंगावर कधी विश्वास ठेवला नाही.

लक्ष्मीपुरी_डीटीपी
काका, आम्ही अजून तेच करतो. सासनकाठीवाले, बोर्डातला गुलाल आणि एक चेहरा येईल असा फूटभर तुकडा कापा. तो तीनदा शेजारी शेजारी लावा. एक जसा आहे तसा, दुसऱ्यात गुलाबी थोडा लालसर ओढलेला, तिसऱ्यात सॅच्युरेशन कमी केलेलं. हो, कमी. खऱ्या मापाला, त्याच यंत्रावर, त्याच फ्लेक्सवर छापून आणा. आणि ट्यूबलाइटखाली नाही, बाहेर उन्हात धरून बघा, बोर्ड उन्हातच लागणार आहे.

सासनकाठीवाला
आज पट्टी आणली. एसआरजीबीत कन्व्हर्ट, प्रोफाइल जोडलेलं, पेनड्राइव्हवर टिफ. बीट गेलं! स्क्रीनवरचा गुलाल नाही आला, दोन घर खाली आहे, पण बघितल्यावर गुलालच म्हणतील.

गंमत म्हणजे तालमीत सगळ्यांनी सॅच्युरेशन कमी केलेला तिसरा तुकडा पसंत केला. त्यात कण दिसतात. पहिल्यात नुसतं गुलाबी फडकं होतं. अध्यक्ष म्हणाले यातच आपण उठून दिसतोय, तो भाग वेगळा.

फाईल आता सात लेयरची आहे. तळाला मुरवलेला फोटो आणि धुरळा, वर चेहऱ्यांचे चार लेयर, गालावरचा एक मल्टिप्लाय, मजकूर. पंखा शांत. मूळ पीएसबी बाहेरच्या डिस्कवर.

खटक्यावर_बोट
म्हणजे सॅच्युरेशनचं मी बरोबर सांगितलं होतं, फक्त चिन्ह चुकलं.

लक्ष्मीपुरी_डीटीपी
पट्टी फेकू नका. मागच्या बाजूला मार्करनं तारीख, कुठल्या यंत्रावर छापलं आणि तिसऱ्या तुकड्याचे आकडे लिहून ठेवा. त्यानं शाई बदलली तर आकडे परत काढावे लागतील, पण सुरुवात शून्यापासून होणार नाही. आणि उपाध्यक्ष नक्की झाले का ते आधी विचारून घ्या.

सासनकाठीवाला
विचारलं. उद्या संध्याकाळी मीटिंग आहे म्हणे.